टीव्ही, डिश, होम थिएटर, स्टिक… बाबाले चालवता येईन असा एकच रिमोट भेटते का? बजेट ८००

चक्कीवाला_राळेगाव

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातलं लहानसं गाव आमचं. ओसरीले लागून पिठाची चक्की, बाकी वावर. औंदा कापसाचा चुकारा हाती आला आन् पोट्ट्यायच्या हट्टापायी ४३ इंची टीव्ही घेतला. ५.१ चा (पाच स्पीकर अन् एक दणक्याचा मोठा डब्बा) होम थिएटर दोन वर्षापासून होताच. छतावर डीडी फ्री डिशची छत्री, अन् टीव्हीच्या मागं आता नेटवरचे पिक्चर दाखवणारी फायर टीव्ही स्टिक.

टीव्हीखालच्या देवळीत सध्या पाच रिमोट पडून राह्यते. टीव्हीचा, डिशच्या डब्ब्याचा, स्टिकचा, होम थिएटरचा (थो चपटा, घड्याळासारख्या गोल सेलवाला) अन् पाचवा नव्या पंख्याचा. मले काही अडचण नाही. अडचण बाबाची आहे.

बाबाचं वय ७६. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा रायला. थे रिमोट डोळ्यानं नाही, अंगठ्यानं ओळखते. जुन्या टीव्हीच्या रिमोटवर आवाजाचं बटण कुठं आहे थे अंधारात सांगत. आता स्टिकचा अन् पंख्याचा रिमोट हातात सारखाच लागते. सकाळी सह्याद्रीवरच्या बातम्या, संध्याकाळी कीर्तन, अन् आवाज कमी-जास्त, एवढंच पाहिजे त्याईले. पण चुकून सोर्सचं बटण दाबलं का पडदा निळा होते अन् ओसरीतून हाक येते, "अरे, हे गेलं पाय!" मंग मी चक्की बंद करून, हात झटकून घरात. परवा तर गव्हाचा अर्धा डब्बा दळाचा रायला होता, गिऱ्हाईक उभं, अन् मी आत "नो सिग्नल" पाहून राहिलो.

आठवडी बाजारातून १५० रुपयाचा "ऑल इन वन" आणून पायला. संगं कोडचा कागद, मुंगीएवढी अक्षरं. टीव्ही चालला. डिशचा डब्बा अर्धामुर्धा चालला, मागं यायचं बटणच नाही. होम थिएटरनं तर वळूनही पायलं नाही. वरून सेल बदलवले का सगळे कोड विसरून जाते, पुन्हा पहिल्यापासून.

८०० पर्यंत काय घ्यावं? काही लोक वायफायवाला घ्या म्हणते. आमच्या इथं वायफाय म्हंजे माया मोबाईलचा हॉटस्पॉट, अन् मोबाईल मायासंगं वावरात.

संत्रा_मोर्शी

भाऊ, तुमचा फोन कोणता? शाओमीचा रेडमी किंवा पोको असन तर वरच्या कडेला बारीक काळा ठिपका पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये रिमोटचा लाइट असते, ॲपही त्यातच. फुकटात काम. मी बगीच्यातून आलो का त्याच्यावरच एसी लावतो.

चक्कीवाला_राळेगाव

आहे ना, ठिपकाही आहे. पण दादा, फोन मायाजवळ अन् टीव्ही बाबाजवळ. अन् सपाट काचेवर बाबाचा अंगठा कायले ओळखते? कापूस वेचून भेगा पडलेला अंगठा आहे, फोन त्याले बोट म्हणूनच मानत नाही.

टीव्ही_मेकॅनिक_हिंगणघाट

बाजारातला १५० वाला अन् पाहिजे थो, दोन्ही "युनिव्हर्सल" म्हणूनच विकते. तिथंच लोक फसते. एक असते कोडवाला. त्याच्या पोटात कंपन्यायचे कोड आधीच भरून येते. मोठ्या कंपनीचा टीव्ही असन तर चालते. तुमचा होम थिएटर जुळणी केलेला असन, त्याचा कोड कोणत्याच कागदात नसते. चालन कसा?

दुसरा असते लर्निंगवाला, आमच्या दुकानात त्याले "कॉपी रिमोट" म्हणते. त्याले कंपनी-फिंपनी काही माईत नसते. तुमच्या रिमोटमधून जे लुकलुकते थे जसंच्या तसं पाठ करते. तुमाले हाच पाहिजे. ३०० ते ५०० मधी येते. घेतानी दुकानदारासमोर दोन बटणं शिकवून पाहा, मंग सेल काढून पाच मिनिटं ठेवा, परत टाका. विसरला तर तिथंच वापस द्या.

पण घ्यायच्या आधी घरी एक काम करा. मोबाईलचा सेल्फीवाला कॅमेरा चालू करा, एकेक रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट-पांढरा उजेड लुकलुकला तर थो आयआर, म्हंजे लाइटवाला. थो कॉपी होते. मागच्या कॅमेऱ्यानं नका पाहू, बहुतेक फोनमधी तिकडं थो उजेड गाळायची काच असते. स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलते, त्याचे बाण कॉपी होणार नाही. त्याच्यावरचं टीव्हीच्या आवाजाचं बटण तेवढं लाइटवर चालते, म्हणून लोक धोका खाते.

शिकवतानी दोन रिमोट तोंडाला तोंड लावून, मधात दोन-तीन बोटं जागा, दोन्ही एका पातळीत. होम थिएटरच्या गोल सेलवाल्याले आधी नवा सेल टाका. थो सेल अर्धा मेला असन तर रिमोट टीव्हीजवळ जाऊन चालते, पण शिकवतानी कच्चा सिग्नल जाते अन् मंग "कॉपी रिमोट खराब आहे" म्हणून बोंब. उन्हात नका बसू, सीएफएलखाली नका बसू. उन्हातही तोच लाल-पलीकडचा उजेड असते, डोळ्याले नाही दिसत पण रिमोटच्या डोळ्यात जाते.

अन् सगळे बटणं कॉपी करत नका बसू. माया दुकानात लोक ४५ बटणं शिकवून मागते. बाबाले लागते सहा.

बर्डी_ते_हिंजवडी

मूळचा नागपूरचा, नोकरी पुण्यात. मेकॅनिकदादांचं सगळं बरोबर आहे, फक्त मी उलट्या टोकानं सांगतो. आधी रिमोट कमी करा, मग उरलेल्यांसाठी एक घ्या.

स्टिकचं काम शून्य रुपयांत होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी शोधा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. नावं वेगळी, गोष्ट एकच: एचडीएमआय केबलमधून उपकरणं एकमेकांशी बोलतात. ते चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटचे बाण स्टिकवर चालतात. स्टिकच्या सेटिंगमध्येही ते चालू आहे का बघून घ्या.

डिशच्या डब्याचं. टीव्हीच्या पाठीमागे आटे असलेलं गोल भोक आहे का, "एलएनबी इन" किंवा "सॅटेलाइट" लिहिलेलं? साध्या अँटेनाचं भोक गुळगुळीत असतं, केबल नुसती दाबून बसते. छत्रीचं आट्यांचं असतं, फिरवून बसवावं लागतं. असेल तर टीव्हीतच डिशचा ट्यूनर आहे. छत्रीची वायर डब्यातून काढून थेट तिथं लावा, उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व निवडा आणि स्कॅन करा. फ्री डिशचे बरेचसे चॅनेल कुलूप नसलेले एमपीईजी-२ मधले (चॅनेल पाठवायची जुनी पद्धत, नवी ती एमपीईजी-४) आहेत, ते येतील. कुलूपवाले एमपीईजी-४ चे येणार नाहीत, त्यांना त्यांचाच डबा लागतो. वायर काढता-लावताना डबा आणि टीव्ही दोन्ही बंद ठेवा, त्या वायरीतून छत्रीला १३-१८ व्होल्ट जातात.

आता होम थिएटर. तुमच्या वर्णनावरून त्याला मागं लाल-पांढरी पिन असणार, एचडीएमआय नसणार. मग टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ एमएमची वायर लाल-पांढऱ्यात द्या आणि होम थिएटरचा आवाज एकदाच मध्यावर ठेवून विसरून जा. हेडफोनचा आवाज टीव्हीच्या रिमोटनं कमी-जास्त होतो, म्हणजे वडिलांना तेच जुनं बटण. ऑप्टिकलमधून (आवाज उजेडानं नेणारी वेगळी वायर) बहुधा तसं होत नाही, तिथं आवाज ठरावीकच निघतो. कोणी म्हणेल यात खरा ५.१ मिळत नाही. नाहीच मिळत. पण लाल-पांढऱ्या पिनेतून दोनच बाजूंचा आवाज जातो, मागचे स्पीकर तोच वाटून घेतात. तो तुम्हाला आजही मिळत नाहीये.

एक बटण दाबलं की सगळं चालू, हा मोह मात्र टाळा. मीही एकेकाळी लॉजिटेकच्या हार्मनीमागे लागलो होतो, महागडा युनिव्हर्सल रिमोट, २०२१ मध्ये त्यांनी बनवणंच बंद केलं. स्वस्त रिमोटात असली सोय मिळाली तरी घोटाळा वेगळाच. बहुतेक वस्तूंचं चालूचं आणि बंदचं बटण एकच. टीव्ही बंद आणि होम थिएटर आधीच चालू असेल, तर एका दाबात टीव्ही लागतो नि होम थिएटर झोपतो. पुन्हा दाबलं की उलट. तुमच्याकडे लाईन गेली-आली की कोण जागं नि कोण झोपलेलं, हे कुणाच्याच हातात नाही.

चक्कीवाला_राळेगाव

दोघायचे लय आभार. आठ दिवस लागले, मधात तुरीची फवारणी होती.

टीव्ही भिंतीले टेकून, म्हणून लहान्या पोराचा आरसा अन् टॉर्च घेऊन मागं पायलं. आट्याचं भोक आहे! टीव्ही घेतला तवा दुकानदारानं हे सांगतलंच नाही, उलट डिशचा नवा डब्बा गळ्यात मारला. छत्रीची वायर फिरवून लावली, स्कॅन केलं. चॅनेल भरपूर आले, पण क्रम पार विस्कटलेला. सह्याद्री कुठं जाऊन बसला होता, सापडता सापडेना. आवडीच्या यादीत बाबाचे नऊ चॅनेल टाकले, बाकी पोट्टे पाहून घेईन. डब्बा काढून कपाटात. एक रिमोट गेला.

सीईसीनं स्टिकचाही गेला. हे तर मले जादूच वाटली.

हेडफोनची वायर लावली अन् पहिल्या दिवशी आवाजच नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमधी "हेडफोन" ऐवजी "ऑडिओ आउट" करा लागलं. मंग बाबानं बटण दाबलं अन् मोठ्या डब्ब्यातून आवाज वाढला, तवा थे मायाकडं पाहून नुसते हासले.

पण एक भानगड रायली. लाईन गेली अन् आली का होम थिएटर झोपूनच राह्यते. उठवलं तर ब्लूटूथवर जाऊन बसते, पुन्हा ऑक्सवर, म्हंजे वायरीच्या आवाजावर, आणा लागते. दिवसातून तीनदा लाईन जाते इथं. म्हंजे थो चपटा रिमोट काही सुटत नाही.

टीव्ही_मेकॅनिक_हिंगणघाट

हे पाहा, आता तुमचा हिशोब सोपा झाला. टीव्हीची सहा बटणं अन् होम थिएटरची दोन, चालू अन् ऑक्स. आठ बटणायचाच कॉपी रिमोट पाहिजे. कमी बटणाचा, मोठ्या रबराचा घ्या, म्हाताऱ्या माणसायसाठी म्हणून येते. ऑक्सचं बटण वेगळंच नाही अन् "मोड" दाबत दाबत जा लागते असं असन, तर तेच कॉपी करा, बाबाले सांगा दोनदा दाबा का तीनदा, जेवढ्यात येते तेवढं. सेल अल्कलाईन टाका. स्वस्तातले फुटते अन् स्प्रिंग खाते, चक्कीच्या घरी तर पिठासंगं मिळून चिकट खळ होते त्याची.

गोंडपिपरीचा_मास्तर

रिमोटला पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवा आणि वरून मेणबत्तीची धग द्या, लांबून. घट्ट बसते, पीठ आत जात नाही. आमच्या शाळेच्या प्रोजेक्टरचा रिमोट खडूच्या धुळीत सहा वर्षं असाच टिकला. आणि चालूच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब टाका. दोन-तीनदा, वाळू देऊन. बोटाला उंचवटा लागतो.

चक्कीवाला_राळेगाव

शेवटचं सांगतो. शनिवारी हिंगणघाटले सरकी विकाले गेलो तवा कॉपी रिमोट आणला, ३५० ले. दुकानदारासमोर सेल काढून पायले, नाही विसरला. त्याले थोडा राग आला.

घरी आल्याबरोबर ओसरीत बसून शिकवाले घेतला तर एकही बटण घेईना. अर्धा घंटा डोकं खाल्लं. मंग आठवलं, ऊन. कवाड लावून आत बसलो, चपट्यात नवा सेल टाकला, दोन्ही रिमोट पाटावर ठेवले अन् खाली पुठ्ठ्याचा तुकडा देऊन पातळी सारखी केली. एकापाठी एक आठही बटणं घेतली. ऑक्सचं बटण वेगळं होतंच, बारीक अक्षरात, मलेच आजपर्यंत दिसलं नव्हतं.

बायकोची नेलपॉलिश लावली, लाल. मास्तर, पिशवीपण बसवली, पण मेणबत्ती जराशी जवळ गेली, एका कोपऱ्याले भोक पडलं. तिथं चिकटपट्टी मारली.

काल संध्याकाळी लाईन गेली, पाऊण घंट्यानं आली. मी चक्कीवर होतो. हाकेची वाट पाहून राहिलो. हाक आली नाही. थोड्या वेळानं कीर्तनाचा मृदंग ऐकू आला, थोही मोठ्या डब्ब्यातून.

पंख्याचा रिमोटही त्यातच टाकावा म्हटलं, दोन बटणं उरली होती. कॅमेऱ्यासमोर धरून पायला तर अंधार, काहीच लुकलुकत नाही. म्हंजे रेडिओवालाच असन. बाबाले सांगतलं का याचा रिमोट वेगळाच ठेवा लागन. तर म्हणते, "असू दे ना बापा, भिंतीवर बटण आहे त्याचं."