सर्बियाचा जनरल द्राझा मिहाइलोविच : हिरो का गद्दार? (कॅन्टीनमधल्या एका चहावरून पडलेला प्रश्न)

कुपवाडचा_फिटर

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागंल, सांभाळून घ्या. आमच्या कुपवाड एमआयडीसीत नवीन मशीन आलीय, ती बसवायला बाहेरून दोन इंजिनिअर आलेत. एक सर्बियाचा, चाचाक गावचा, दुसरा बोस्नियातल्या गोराझ्देचा. दोघांची बोली जवळपास एकच, दिवसभर एकमेकांना पाने देत घेत खिदळत काम चालायचं, आम्हाला वाटलं चुलतभाऊ बिऊ असतील. परवा चहाच्या सुट्टीत सर्बियावाल्याचा मोबाईल टेबलावर पडलेला, त्यावर एक जुना फोटो, गोल चष्मा, भरघोस दाढी, डोक्यावर टोपी. मी आपलं सहज विचारलं, आजोबा का हो? तर म्हणाला, जनरल द्राझा, हिटलर आला तेव्हा आमच्यात पहिला उठला तो हा माणूस. एवढं ऐकलं आणि बोस्नियावाला भरलेला कप तसाच ठेवून बाहेर निघून गेला. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत्यात.

रात्री नेटवर वाचत बसलो तर डोकंच गरगरलं. अमेरिकेच्या प्रेसिडेंटनं मेडल दिलंय आणि स्वतःच्या देशानं गोळ्या घातल्यात. हे कसं काय? इतिहासवाल्यांनी जरा सोपं करून सांगा की.

माजी_मास्तर_सातारा

फिटरभाऊ, प्रश्न छान काढलात. माझा नाद जुना आहे या विषयाचा, त्यामुळं उत्तर लांबणार.

तेव्हा सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया हे सगळे युगोस्लाविया या एकाच देशात होते. जर्मनीनं त्या युगोस्लावियावर ६ एप्रिल १९४१ ला हल्ला केला आणि १७ एप्रिलला त्या सैन्यानं शरणागती पत्करली, म्हणजे पुरते दोन आठवडेही नाहीत. हा मिहाइलोविच त्या सैन्यात कर्नल होता. तो शरण गेला नाही, मूठभर लोक घेऊन राव्ना गोरा नावाच्या डोंगरपठारावर गेला आणि तिथून चेटनिकांची फौज उभी केली. 'चेता' म्हणजे त्यांच्या भाषेत टोळी, तुकडी, त्यावरून चेटनिक. राजा आणि सरकार लंडनला पळालेलं, त्यांनी जानेवारी १९४२ मध्ये याला तिथूनच संरक्षणमंत्री केलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या टाइम मासिकाच्या कव्हरवर त्याचा चेहरा झळकला. इथपर्यंत सगळं हिरोचंच.

आता मेख कुठंय बघा. जर्मनांनी हुकूम काढला होता, आमचा एक सैनिक मेला तर तुमचे १००, एक जखमी झाला तर ५०. ऑक्टोबर १९४१ ला क्रागुयेवाच शहराजवळ चकमकीत १० जर्मन मेले आणि २६ जखमी झाले. गणित मांडलं तर २३०० होतात, प्रत्यक्षात मारले २८०० च्या आसपास. हायस्कूलची पोरं वर्गातनं उठवून नेली हो, मास्तरांसकट. मी स्वतः तीस वर्षं खडू धरलाय, हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागतं. द्राझानं यातून हिशोब काढला की आत्ता लढलो तर आपली माणसं संपतील, थांबायचं, दोस्त राष्ट्रांची फौज उतरली की मग उठाव. टिटोचे कम्युनिस्ट पार्टिझान, म्हणजे गनिमी लढणारे, मात्र थांबायला तयार नव्हते. (हाच टिटो युद्धानंतर युगोस्लावियाचा सत्ताधारी झाला.) ते दोघं १९४१ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये दोनदा भेटले, काही जमलं नाही आणि नोव्हेंबरपासून एकमेकांवरच बंदुका. इथून पुढं त्याच्यासाठी मुख्य शत्रू कोण, हेच बदलत गेलं.

विश्रामबागचा_बंड्या

मास्तर मस्त लिहिलंय, पण थांबला म्हणून कोणी गद्दार होत नाही ओ. आणि अमेरिकनांचं तुम्ही सांगितलंच नाही!! रोमानियातल्या प्लोएश्तीच्या तेलाच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकायला जाणारी विमानं सर्बियात पडायची, त्यातल्या पोरांना शेतकऱ्यांनी महिनोन्महिने घरात लपवलं. प्रान्यानी नावाच्या खेड्यात गावकऱ्यांनी बैलगाड्या आणि फावडी घेऊन विमान उतरवण्याजोगी धावपट्टी केली, आणि जर्मन ठाणी काही लांब नव्हती म्हणे. ऑगस्ट १९४४ मध्ये रात्री डाकोटा विमानं उतरली आणि वर्षअखेरपर्यंत ४०० च्या वर वैमानिक इटलीत बारीला सुखरूप पोचले. ही सगळी राखण द्राझाच्या माणसांनी केली, आणि कधी? इंग्लंडनं त्याला आधीच सोडून टिटोला हत्यारं द्यायला सुरुवात केली होती तेव्हा! पुढं युद्ध संपल्यावर टिटोच्या सरकारनं द्राझावर खटला चालवला, त्यात हे वैमानिक साक्ष द्यायला यायला तयार होते, कोर्टानं येऊच दिलं नाही. १० जूनला खटला सुरू, १५ जुलै १९४६ ला निकाल, १७ ला गोळ्या. थडगं कुठंय ते आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. याला न्याय म्हणायचं का राव?

मिरजेची_वाचनवेडी

बंड्याभाऊ, वैमानिकांचं सगळं खरंय. पण ते खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही ना. तो बोस्नियावाला उठून का गेला हा मूळ प्रश्न होता, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

गोराझ्देच्या वरच्या अंगाला ड्रिना नदीवरच फोचा आहे. जानेवारी फेब्रुवारी १९४३ मध्ये त्या भागात आणि शेजारच्या सांजाकमध्ये (सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोच्या सीमेवरचा भाग) पावले ज्युरिशिच या चेटनिक कमांडरनं मुसलमान गावं जाळत नेली. त्यानं स्वतः द्राझाला पाठवलेल्या अहवालात फेब्रुवारीच्या मोहिमेचा आकडा आहे, सुमारे १२०० लढणारे आणि ८००० पर्यंत 'इतर', म्हणजे बायका, म्हातारे आणि पोरं. आकडा फुगवलेला असू शकतो असं काही अभ्यासक म्हणतात, पण साहेबाला खूश करायला असला आकडा फुगवून सांगावासा वाटतो यातच सगळं आलं नाही का? बरं, हा ज्युरिशिच तेव्हा इटालियन फौजेशी संधान बांधून होता, आणि पुढच्याच महिन्यात नेरेत्वा नदीवर चेटनिक इटालियनांच्या बाजूनं पार्टिझानांशी लढले. फेब्रुवारीच्या अखेरीला द्राझानं ब्रिटिश अधिकाऱ्यासमोर भाषणात सांगितलं की आधी पार्टिझान, उस्ताशा (क्रोएशियातले फॅसिस्ट), मुसलमान आणि क्रोएट यांचा निकाल लावणार, मग जर्मन आणि इटालियन. ब्रिटिशांचं मन तिथून उडायला लागलं.

दुसरी बाजूही सांगते नाहीतर एकतर्फी होईल. क्रोएशियातल्या उस्ताशा सरकारनं सर्बांच्या कत्तली केल्या, यासेनोवाचची छावणी त्यांचीच, त्या भीतीनं कित्येक शेतकरी चेटनिक झाले. आणि मार्च १९४३ ला टिटोची माणसंही जर्मनांशी बोलणी करत होती, ते फारसं कुणी सांगत नाही कारण तो जिंकला. पण द्राझानं ज्युरिशिचला कधी शिक्षा केल्याचं माझ्या वाचनात नाही. मला तिथं तो माणूस हातातनं सुटतो.

कुंडल_रोडचा_नाथा

हे सगळं वाचून मला आपली पत्री सरकार आठवली. ते पण भूमिगत, डोंगरातनं, खेड्यातल्या लोकांच्या जिवावर चाललेलं. शेणोलीला रेल्वे लुटली १९४३ ला, धुळ्याचा खजिना १९४४ ला, नाना पाटलांच्या नावानं आजही आमच्याकडं माणसं छाती फुगवत्यात. पण आमच्या आळीत एक घर होतं, त्या घरातल्या म्हाताऱ्यानं पायाच्या तळव्यावर पत्र्या खाल्लेल्या, खबरी होता म्हणून. त्याची सून माझ्या आज्जीला म्हणायची, ते खबरी नव्हते ओ, बांधावरनं भांडण होतं त्या माणसानं नाव सांगितलं. खरं खोटं देव जाणे. १५ ऑगस्टला भाषणं व्हायची तेव्हा त्या घराचं दार बंद असायचं एवढं मी बघितलंय.

आणि योगायोग बघा, १९४६ लाच आपल्याकडं नाना भूमिगतातनं बाहेर आले तर लोकांनी मिरवणुका काढल्या, आणि तिकडं त्याच वर्षी ह्याला गोळ्या.

मिरजेची_वाचनवेडी

नाथाभाऊ, त्या दाराचं वाचून गप्पच झाले. पण तुलना मात्र नको, प्लीज. पत्री सरकारनं इंग्रजांशी हातमिळवणी करून दुसऱ्या धर्माची गावं जाळली नाहीत. तळव्यावरच्या पत्र्या आणि फोचा एका पंगतीत बसत नाहीत.

कुंडल_रोडचा_नाथा

एका पंगतीत बसवत नाय ताई. बंद दाराचंच सांगत होतो फक्त.

माजी_मास्तर_सातारा

बंड्या, मेडलचं पूर्ण सांगतो, त्यात गंमत आहे. ट्रुमननं मार्च १९४८ मध्ये मरणोत्तर लीजन ऑफ मेरिट दिलं आणि लगेच ते दाबून ठेवलं, टिटो दुखावेल म्हणून, आणि त्याच सालच्या जूनमध्ये टिटो आणि स्टॅलिन फाटले, म्हणजे टिटोला दुखावून अजिबातच चालेना! १९६७ पर्यंत जगाला पत्ता नव्हता. प्रत्यक्ष पदक मुलीच्या हातात पडलं २००५ ला. आणि ही मुलगी लढाईच्या काळात बापाच्या नाही, टिटोच्या बाजूची होती. घरातच फाळणी, अजून काय सांगायचं.

२०१५ ला बेलग्रेडच्या कोर्टानं जुना निकाल रद्द केला, खटला राजकीय होता आणि न्याय्य नव्हता म्हणून. लोक त्याचा अर्थ 'निर्दोष सुटला' असा लावतात. तो कोर्टाचा विषयच नव्हता. पेपर ज्यानं तपासला त्यानं पक्षपात केला म्हणून निकाल रद्द झाला, म्हणून काय पोराचं गणित बरोबर ठरतं का? आणि बंड्या, तुझ्या मुद्द्यावर तुला पूर्ण मार्क, तो खटला म्हणजे तमाशाच होता.

विश्रामबागचा_बंड्या

मास्तर म्हणजे पाच पैकी अडीच 😄 फोचाचं मला खरंच माहीत नव्हतं. ज्या व्हिडिओत मी बघितलं त्यात फक्त विमानं होती.

कुपवाडचा_फिटर

सगळ्यांचे आभार. आज दुपारी दोघांना वेगवेगळं गाठलं. सर्बियावाला म्हणाला, त्याच्या आजीच्या माहेरी एक अमेरिकन पोरगा माळ्यावर लपवला होता, बोट मोडलेलं, आजी त्याला दूध न्यायची, तिला वय वर्षं नऊ. म्हणून तो फोटो, बाकी त्याला राजकारणात काही घेणं नाही म्हणाला. बोस्नियावाला जास्त बोलला नाही. त्याच्या आजीचं गाव फोचाच्या बाजूला होतं एवढंच सांगितलं, आणि "होतं" वर जरा जोर दिला. मग म्हणाला डायल गेज आण.

मशीनचं लेव्हलिंग अजून बाकी आहे. एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं बोल्ट फिरवायचा, एकट्याला जमत नाही ते. उद्या सकाळी आठला लावलंय, चहा मी दोन्ही टेबलांवर वेगवेगळा सांगितलाय.