मानक नको, रुमाल पुरे?

दप्तरवाचक : काल या चर्चेत एका सदस्याने लिहिले की, सरकारी कागद किती काळ ठेवायचे हे ठरवणारी ‘अ, ब, क, ड’ वर्गवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे आपल्या अभिलेखपालांना आयएसओ 15489 हे अभिलेख व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक ठाऊक असण्याची गरज नाही. हे वाचून गप्प बसवले नाही. ‘अ’ कायम ठेवा, ‘ब’ तीस वर्षे ठेवा आणि ‘ड’ वर्षभराने नष्ट करा, एवढेच ती वर्गवारी सांगते. 2001 साली आलेले आणि 2016 मध्ये सुधारलेले हे मानक त्याआधीचा प्रश्न विचारते : काम होत असतानाच कोणती नोंद तयार झाली पाहिजे, आणि ती अस्सल, विश्वासार्ह, अखंड व वापरण्याजोगी कशी राहील? हा प्रश्न ज्या व्यावसायिकाला पडत नाही, तो कागदांचा राखणदार आहे.

सहावा गठ्ठा : राखणदार म्हणून हिणवल्याबद्दल आभार. अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अँडरसन यांची, टेबलावरचे कागद त्यांच्या स्थितीनुसार लावण्याची सहा गठ्ठ्यांची पद्धत तुमच्या मानकाच्या कितीतरी आधीपासून चालत आहे, आणि प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे) हे गठ्ठे आम्हांला आजही पाठ आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा अभिलेख कक्षाचे पद रिक्त होते आणि किल्ली शिपायाकडे होती. अशा ठिकाणी विकत घ्यावे लागणारे मानक कोण वाचणार? आयएसओचे फलक तर ग्रामपंचायतींच्या दारावरही आहेत!

दप्तरवाचक : ते फलक बहुधा 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचे असतात. 15489 चे प्रमाणपत्र मिळतच नाही. ते मार्गदर्शनपर आहे, प्रमाणपत्र मिळते ते अभिलेख व्यवस्थापन प्रणालीच्या 30301 या मानकाचे. हा फरक माहीत नसणे, हाच माझा मुद्दा.

अपिलार्थी : तुमचे आकडे राहू द्या. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 अभिलेखांची सूची आणि निर्देशांक मागते, तरीही मी फाइल मागितली तेव्हा मला ‘नस्ती आढळून येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे तिची स्कॅन प्रत सापडली, तर समासातला शेरा कापला गेलेला, आणि सारा वाद त्या शेऱ्याचाच होता. मूळ कागद कुठे आहे, असे विचारले तर म्हणे, ‘स्कॅन झाल्यावर निंदणीकरण झाले’, म्हणजे तो नष्ट केला.

सहावा गठ्ठा : हा गुन्हा कारकुनाचा नव्हे, स्कॅनिंगच्या कंत्राटाचा आहे. पानामागे पैसे मिळत असतील, तर समास कोण पाहणार? 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, ती जुने कागद रुमालात, म्हणजे दप्तराच्या कापडी बासनात, टिकले होते म्हणूनच. ते कुणी टिकवले? राखणदारांनीच.

दप्तरवाचक : टिकवले, हे मान्य, मात्र त्यांत कुठे काय आहे याची सूची असती, तर पान न्‌ पान उलटावे लागले नसते. आणि स्कॅनिंगविषयी आयएसओचा 13028 हा स्वतंत्र तांत्रिक अहवाल 2010 पासून उपलब्ध आहे. प्रतिमेची गुणवत्ता तपासल्याशिवाय मूळ प्रत नष्ट करू नये, एवढे कंत्राटाच्या अटींत लिहायला कोणत्या रिक्त पदाची अडचण होती?

सहावा गठ्ठा : अटी लिहिणारा अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो, साहेब, माहितीच्या अर्जाला उत्तर देताना घाम आम्हांला फुटतो.

अपिलार्थी : महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही 2005 चाच आहे. तुम्हां दोघांच्या कार्यालयांत त्याखाली अभिलेख अधिकारी म्हणून नेमलेला माणूस कोण, हे कुणी सांगेल का?

सहावा गठ्ठा : आमच्याकडे आदेश निघाला होता. तो कोणत्या गठ्ठ्यात आहे, ते पाहावे लागेल. दप्तरवाचकांनी आता हसून घ्यावे. सूचीपुरते त्यांचे म्हणणे मी मान्य करतो, मानकापुरते नाही.