मदत हवी आहे: पत्र्याच्या शेडची पन्हळ ओसंडते

नमस्कार मंडळी. बोरिवलीत सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. एका बाजूचा उतार १२ × ६ मीटर, पन्हळ पीव्हीसीची, उतरता पाइप एकच, ७५ मिमीचा. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर सेकंदाला २ लिटर पाणी येतं. तोंड मोकळं असेल तर पाइप तेवढं ओढतो, पण गुलमोहराची बारीक पानं जाळीच्या भोकांतून आत जातात, त्यांचा काळपट लगदा तोंडाशी बसतो आणि पाणी मागे तुंबतं.

ब्रॅकेट ९० सेंमीवर आहेत, म्हणून मध्ये झोळ आलाय. ते ६० वर घेतोय. २०० ला १ उतार दिला तर एक टोक ६० मिमी खाली जातं, मग पत्रा आणि पन्हळीतल्या फटीतून वाऱ्याने पाणी भिंतीवर येणार. त्यापेक्षा मधून दोन्हीकडे ३०-३० मिमी उतार आणि दुसऱ्या टोकाला नवा पाइप बरा वाटतो.

खरी अडचण सांध्यांची. तापमानातल्या २५ अंशांच्या फरकाने १२ मीटर पीव्हीसी सुमारे २० मिमी वाढतं, चिकटवलेले सांधे उकलतात. रबर गॅस्केटचे सांधे कुणी वापरलेत का? किती पावसाळे टिकले? आणि या पानांसाठी जाळी कुठली घ्यावी? काम मे अखेरीपर्यंत उरकायचंय.