ताठर रोड बाइक थोडी आरामदायी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) असलेली रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीची सायकल आहे. पुण्याहून कात्रज घाट ओलांडून खेड शिवापूरपर्यंत आणि परत, हा माझा नेहमीचा मार्ग असून गुळगुळीत डांबरावर ती उत्तम धावते. परंतु खडबडीत रस्ता किंवा रंबलर पट्ट्या लागल्या की सगळे हादरे थेट मनगटांत आणि कमरेत उतरतात.

माझे वजन ७८ किलो असून सध्या २५ मिमीच्या टायरमध्ये १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरतो. २८ मिमीचे टायर बसवून हवा ७५ पीएसआयच्या आसपास आणावी, असा विचार आहे. मात्र ब्रेक रिमवर दाबणारे, कॅलिपर प्रकारचे आहेत आणि २८ असे छापलेला टायर रुंद रिमवर त्याहून अधिक फुगतो, त्यामुळे ब्रेकखाली पावसाळ्यातील चिखल निघून जाण्याइतकी जागा उरेल का, ही शंका आहे. शिवाय हवा कमी ठेवल्यास खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होण्याचा धोका या वजनाला कितपत राहतो?

दुसरा प्रश्न सीटपोस्टचा, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांड्याचा. माझा ३१.६ मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा आहे. त्याजागी शिम (मधली फट भरणारी पातळ नळी) घालून २७.२ मिमीचा कार्बन सीटपोस्ट वापरल्यास जाणवण्याइतका फरक पडतो का, की तोच खर्च चांगल्या टायरवर करावा? जाड जेलचे सीट कव्हर कृपया सुचवू नये. लांब पल्ल्याला त्याने घर्षणच वाढते.