आईचं हिप रिप्लेसमेंट : घरी आणल्यावर काय काय लागेल?

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय ६६) उजव्या खुब्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात पुण्यात ठरलंय. दुखायचं जांघेत आणि गुडघ्यात, त्यामुळे बरेच दिवस उपचार गुडघ्यावरच चालले. शेवटी खुब्याचा एक्सरे काढला तेव्हा कळलं, कूर्चा झिजून हाडावर हाड घासतंय. ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी नीट समजावलंय : पाठीमागच्या बाजूने छेद, कमरेतून भूल, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करणार, तीन-चार दिवसांत घरी. धाकधूक आहे ती घरी आल्यानंतरची.

साताऱ्याचं घर जुनं. संडास देशी, अंथरूण जमिनीवर, आणि आईचा निम्मा दिवस खालीच जातो. पाटावर बसून पूजा, विळीवर भाजी. तिचा एकच प्रश्न, "परत खाली बसता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "बघू." तेव्हापासून ती ऑपरेशनच नको म्हणतेय.

तिला सुरुवातीला पुण्यात आमच्याकडे ठेवावं (लिफ्ट आहे, कमोड आहे) की लगेच साताऱ्याला न्यावं? कॉट केवढी उंच हवी? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
पुण्यातच ठेवा, यात विचार करण्यासारखं काही नाही. सासऱ्यांचं झालंय, त्यावरून सांगते. पहिले सहा ते बारा आठवडे (किती ते सर्जन सांगतील) खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. मागून छेद घेतला की याच हालचालींनी सांधा निखळायची भीती असते. म्हणून बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील एवढी कॉट उंच हवी. मऊ सोफा बाद. कमोडवर उंच सीट बसवा, नेहमीचा कमोडही ठेंगणा पडतो. कुशीवर झोपताना दोन्ही पायांत जाड उशी. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा घ्या, नाहीतर बायका सवयीने वाकतातच.

रक्त पातळ ठेवायची औषधं सांगितली तितके दिवस द्या. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २
मी फिजिओ आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर पाय वाकवून घेताना पेशंट रडकुंडीला येतात, खुब्याचं तसं नसतं. इथे मुख्य व्यायाम म्हणजे चालणं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

खाली बसण्याबद्दल : सांधा पक्का बसल्यावर काहींना सर्जन मांडी घालायची परवानगी देतात, काहींना नाही. ते सांध्याची ठेवण आणि स्नायूंच्या ताकदीवर ठरतं. आईंना खोटा शब्द देऊ नका. देशी संडास मात्र कायमचा बंद, साताऱ्यात कमोडचं काम आत्ताच काढा.

ऑपरेशनआधी दात, लघवी आणि साखर तपासून घ्या. कुठलाही संसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. विम्याची पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षा काळ बघा, सांधेबदलाला बहुतेक ठिकाणी तो असतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. देव टेबलावर ठेवायला तयार झाली, विळीवर अजून वाद चालू आहे. वॉकर आणि उंच सीट विकतच घ्यावी लागते का?

प्रतिसाद १
छे, भाड्याने मिळते. हॉस्पिटलजवळच्या सर्जिकल दुकानात विचारा. पण ऑपरेशनच्या आधी आणा आणि वॉकरची उंची फिजिओकडून लावून घ्या.