मदत हवी आहे : वाडीचा उभा चढ, कुंभार्ली घाट आणि १.० टर्बो. मॅन्युअल घेऊ की सीव्हीटी (ठरलेले गिअर नसलेली ऑटोमॅटिक)?

नमस्कार मंडळी,

गाडी बदलायची आहे आणि एकाच मुद्द्यावर घोडं अडलंय म्हणून हा धागा काढतेय. जरा लांबण लागेल, पण आमच्याकडचे रस्ते सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आम्ही गुहागर तालुक्यातले. डांबरी रस्ता वर सड्यावर (कातळाच्या माळावर) आणि घर खाली वाडीत, मधे काँक्रीटचा उभा चढ. त्याला दोन वळणं आहेत आणि वरच्या वळणाला जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) इतका पुढे आलाय की गाडी जवळजवळ थांबवूनच वळवावी लागते, म्हणजे खालून घेतलेला सगळा जोर तिथेच संपतो आणि परत पहिल्या गिअरवर शून्यापासून उचलायची. पावसाळ्यात काँक्रीटवर शेवाळ धरतं ते वेगळंच. आत्ताची गाडी ८०० सीसीची, एकटी असले की चढते. पण सासूबाई, दोन्ही मुलं आणि मे महिन्यात मागे आंब्याच्या पेट्या असल्या की त्या वळणाच्या अलीकडे मुलांना उतरवते, ती पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) वर येतात आणि मी क्लच जळाल्याचा वास घेत वर पोचते. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना उतरवायचा प्रश्नच नाही. नवरा बोटीवर असतो त्यामुळे बरेच महिने ड्रायव्हर मीच.

दुसरा नेहमीचा रस्ता म्हणजे सासूबाईंच्या तपासणीसाठी कराड. चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, हेळवाक, पाटण असं. घाटात पुढे भरलेला ट्रक लागला की पाच-दहाच्या स्पीडने त्याच्या मागे मागे, वळणावर तो थांबला की आपणही थांबायचं. आणि तिसरं म्हणजे नणंद दापोलीला, तिकडे जायला धोपावे-दाभोळ फेरीबोट. ओहोटीला पाणी उतरलं की बोटीतून धक्क्यावर चढताना चांगलाच चढ पडतो, खाली ओलं आणि मागे गाड्यांची रांग.

बजेट ऑन रोड दहा लाखाच्या आसपास, फार तर थोडं वर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, आधी २८ आणि वर १ टक्का सेस होता, त्यामुळे जी टर्बो हाताबाहेर वाटत होती ती आवाक्यात आलीय. या चार मीटर आणि १२०० सीसीच्या अटीमुळेच आपल्याकडे सगळ्यांनी एवढी छोटी इंजिनं करून त्यांना टर्बो लावलेत असं मला वाटतं.

निस्सान मॅग्नाइट टर्बोवर मन बसलंय. जमवलेली माहिती इथे टाकते, चुकलं असेल तर सांगा. लांबी ३९९४ मिमी, व्हीलबेस २५०० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिमी (आमच्या वाडीत हा आकडा सगळ्यात आधी बघतात), डिकी ३३६ लिटर, टाकी ४० लिटर. इंजिन ९९९ सीसी, तीन सिलिंडर. साध्या इंजिनाला ७२ पीएस आणि ९६ एनएम टॉर्क (ओढायची ताकद), टर्बोला १०० पीएस आणि मॅन्युअलमध्ये १६० एनएम, सीव्हीटीमध्ये १५२. सीसी तेवढेच आणि टॉर्क जवळजवळ पावणेदोन पट, हे बघूनच मी टर्बोकडे वळले. २०२४ च्या फेसलिफ्टपासून सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला आहेत. रेनॉ कायगरला हेच टर्बो इंजिन आणि डिकी ४०५ लिटर, पेट्यांच्या दृष्टीने ती बरी पडेल. मारुती फ्रॉन्क्स टर्बोपण डोक्यात आहे, ९९८ सीसी, १०० पीएस, १४७.६ एनएम आणि ऑटोमॅटिकला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, पण तिचा ग्राउंड क्लिअरन्स १९० आणि डिकी ३०८.

आता खरा प्रश्न. टर्बो चालतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर. तो धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो, हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, ताकद वाढते. हे मला कळलंय. पण धूरच कमी असेल तर? मॅग्नाइट मॅन्युअलचे ते १६० एनएम २८०० ते ३६०० आरपीएममध्ये मिळतात. मी तर गडग्याजवळ आठशे-हजार आरपीएमवर असणार. तिथे टर्बो जागाच झालेला नसेल, म्हणजे माझ्या हातात एक लिटरचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन आणि अंगावर हजार किलोच्या आसपासची गाडी, वर माणसं. मग आत्ता जे होतंय तेच परत व्हायचं का?

शोरूममध्ये हे विचारलं तर म्हणाले मॅडम लॅग (टर्बो जागा व्हायला लागणारा उशीर) वगैरे काही नाही, आणि टेस्ट ड्राइव्हला हायवेच्या सपाट पट्ट्यावर फिरवून आणलं. तिथे काय, कुठलीही गाडी पळते. घरचा चढ दाखवू का म्हटलं तर तेवढ्या लांब येत नाही म्हणाले.

ज्यांच्याकडे १.० टर्बो आहे आणि जे रोज असल्या चढावर असतात त्यांनी प्लीज सांगा. थांबून उचलताना मॅन्युअल बरं की सीव्हीटी? घाट उतरताना सीव्हीटीला इंजिन ब्रेकिंग (ब्रेक न दाबता इंजिनानेच गाडी धरून ठेवणं) मिळतं का? आणि खाऱ्या वाऱ्यात टर्बोचं म्हणून वेगळं काही सांभाळावं लागतं का?

सड्यावरचा :

ताई, मी साखरप्याकडचा, माझा रोजचा आंबा घाट. गाडी १.० टर्बोच, कंपनी वेगळी, मॅन्युअल. तुमची शंका बरोबर आहे, शोरूमवाल्याचं ऐकू नका. १८०० च्या खाली छोट्या टर्बोत फारसा दम नसतो, मग एकदम उचल येते. घाटात चालत्या गाडीला याचा त्रास नाही, उलट घाटात टर्बोच पाहिजे. फ्रॉन्क्सचंच बघा, १.२ साध्या इंजिनाला ११३ एनएम आणि तोही ४४०० आरपीएमला, टर्बोला १४७.६ एनएम २००० पासून. म्हणजे कुंभार्लीला दुसऱ्या गिअरमध्ये २०००-२५०० वर ठेवली की गुपचूप चढत राहते, साधं इंजिन तिथे बोंबलत जातं.

प्रश्न फक्त थांबून उचलण्याचा. मॅन्युअलमध्ये मी आरपीएम दोन हजारापर्यंत नेऊन क्लच अर्धा ठेवून उचलतो. गाडी येते, पण तेवढा वेळ क्लच घासतो, तुमच्यासारखं रोज गडग्याजवळ करायचं तर क्लचप्लेट लवकर जाईल. हिल होल्ड गाडीला एक-दोन सेकंद धरतो, ओढायचं काम इंजिनालाच करायचंय.

सीव्हीटीबद्दल लोक रबर बँड, रबर बँड म्हणून नाकं मुरडतात, पण मॅग्नाइटच्या सीव्हीटीला पुढे टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात इंजिन आणि चाकं तेलातून जोडलेली असतात, त्यामुळे गाडी उभी असली तरी इंजिन स्वतःचे आरपीएम वाढवू शकतं, टर्बो जागा होतो आणि सुटताना कन्व्हर्टर टॉर्क वाढवूनपण देतो. घासायला क्लचप्लेटच नाही. १६० चे १५२ झाले ते या जागी जाणवायचे नाहीत. फ्रॉन्क्सच्या टॉर्क कन्व्हर्टरचंही तेच. तुमच्या चढाला आणि फेरीच्या धक्क्याला हे दोनच बरे. स्वस्त पडतो म्हणून एएमटी मात्र घेऊ नका, ती आतून मॅन्युअलच असते, क्लच फक्त मशीन दाबतं, उभ्या चढावर तीच गाडी सगळ्यात जास्त घाबरवते.

उतारावर सीव्हीटी डी मध्ये मोकळी सोडली तर पळते, ब्रेक तापतात. एल मध्ये टाका, आरपीएम वर जातील, आवाज येईल, घाबरू नका, तेच इंजिन ब्रेकिंग. फ्रॉन्क्सला स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवता येतो, उतरताना मला ते जास्त आवडतं.

टर्बोची काळजी म्हणजे मुख्य ऑइल. तो पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, त्यामुळे कंपनी सांगेल त्याच ग्रेडचं ऑइल आणि वेळेच्या आधी बदललंत तर उत्तम. घाट चढून वर चहाला थांबलात तर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलला ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जागच्या जागी करपतं. खाऱ्या वाऱ्याने टर्बोला काही होत नाही, गंज धरतो तो खालच्या पत्र्याला, सस्पेन्शनच्या बोल्टांना, सायलेन्सरला. घेतानाच अंडरबॉडी कोटिंग, आणि पाऊस संपला की खालून गोड्या पाण्याने चांगली धुवायची. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्ट घ्याच. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात गाड्या बुडल्या तेव्हा पाणी शिरलेल्या इंजिनाचं बिल साध्या पॉलिसीत बसत नाही हे बऱ्याच जणांना नंतर कळलं.

मायलेजचं पण सांगतो, मॅन्युअलला कंपनीचा आकडा वीसच्या आसपास, सीव्हीटीला दोन-तीनने कमी. घाटात त्यातलं काही धरू नका, वर आता पंपावर इ२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. टर्बो जागा झाला की पेट्रोल पितोच.

धागाकर्ती :

दादा खूप आभार, क्लचच्या जागी कन्व्हर्टर नेमकं काय करतो हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मॅन्युअल कटाप. आता मॅग्नाइट सीव्हीटी की फ्रॉन्क्स टॉर्क कन्व्हर्टर एवढंच. फ्रॉन्क्सची मॅन्युअल नसलेली टर्बो माझ्या बजेटच्या बरीच वर जातेय आणि १९० मिमीवर गडग्याजवळचं गटाराचं झाकण घासेल अशी भीती आहे, त्यामुळे कल मॅग्नाइटकडेच. दुसऱ्या एका डीलरने सीव्हीटी घरापर्यंत आणायचं कबूल केलंय. सासूबाई, मुलं आणि दोन-चार गोण्या भरून त्या वळणावर मुद्दाम थांबवून उचलून बघणार आहे, नुसती मी एकटी बसून नाही.

दोन गोष्टी अजून कुणाला माहीत असतील तर लिहा. दाभोळच्या धक्क्यावर ओहोटीला सीव्हीटी चढवलेलं कुणी आहे का, चाकं फिरतात का ओल्यावर? आणि सीव्हीटीचं ऑइल किती किलोमीटरला बदलता, सर्व्हिसला चिपळूण पुरतं की रत्नागिरी गाठावी लागते?