रात्रपाळीत नातेवाइकाने हात पिरगळला. तक्रार माझी एकटीची, की रुग्णालयाचीही?

रात्रपाळी_सिस्टर (12 ऑगस्ट 2025)

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नऊ वर्षं झाली. तीस खाटा, सगळे मिळून बावीस जणांचा स्टाफ. गेल्या गुरुवारी रात्री पावणेदोनला आयसीयूतला पेशंट गेला. घरचे दोन दिवस जिन्यातच बसून होते, त्यांच्यावर काय कोसळलं ते मला कळतं. डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत होते. वर मी आणि वॉर्डातल्या आया, मावशी, दोघीच.

त्यांच्यातला एक जण सरळ नर्सिंग स्टेशनमध्ये घुसला. "शेवटचं इंजेक्शन तूच दिलंस" म्हणत त्याने माझा हात पिरगळला आणि ढकललं. मनगट ट्रॉलीच्या कडेवर आपटलं, तीन टाके पडले. कॉलर धरून जे बोलला ते इथे लिहवत नाही, एका बाईला घाबरवायला जे बोलतात ते सगळं बोलला. सलाईनचा स्टँड मॉनिटरवर पडून काच फुटली. मावशींनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली म्हणून मी सुटले. पन्नाशीच्या बाई आहेत त्या. वॉचमनकाका तेव्हा खाली पार्किंगच्या गेटवर.

सकाळी ॲडमिनचे सर म्हणाले, "सिस्टर, बॉडी गेली, विषय संपला. पोलिसांत गेलं की हॉस्पिटलचं नाव येतं. तुम्हाला जायचं तर पर्सनली जा." चार दिवस घरी होते, ते सीएलमधून, म्हणजे माझ्या किरकोळ रजेतून, कापले.

"पर्सनली" कसं? मी ड्युटीवर होते, युनिफॉर्ममध्ये होते. नोकरी सोडायची नाहीये. मालकावर कायद्याने काही बंधन आहे का, एवढं कोणी नीट सांगेल का?

अंबडकर_एचआर

ताई, आधी पगाराची स्लिप काढा. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात का? पगार 21,000 पर्यंत असेल तर तुमचे 0.75 टक्के कापले जात असणार. कापत असतील तर ड्युटीवर झालेली इजा ही कामावरची इजा. बाहेरच्या माणसाने मारलं म्हणून ती वेगळी ठरत नाही. अपघात अहवाल 24 तासांत ईएसआय शाखेला पाठवणं मालकाचं काम आहे. घटनेचा दिवस सोडून किमान तीन दिवस कामावर जाता आलं नाही, तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर सरासरी वेतनाच्या 90 टक्के भरपाई मिळते. तुमचे चार दिवस झालेत, म्हणजे सीएल कापायचा प्रश्नच नव्हता. सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला जाऊन पेपर करून घ्या. ईएसआय नसेल तर मालकाकडून भरपाई मिळण्याची कायद्यात वेगळी तरतूद आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीत (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती) मी सहा वर्षं आहे. लोकांना वाटतं, 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा फक्त साहेब आणि सहकाऱ्यांपुरता आहे. तसं नाही. कलम 19 मालकाची कर्तव्यं सांगतं, आणि त्यातलं पहिलंच असं की कामाच्या ठिकाणी जे जे लोक संपर्कात येतात त्यांच्यापासूनही सुरक्षितता द्यायची. पेशंटचे नातेवाईक त्यात आलेच. छळ करणारा बाहेरचा असेल आणि बाईची इच्छा असेल, तर फौजदारी कारवाई सुरू करून देणं हेही मालकाचंच कर्तव्य त्याच कलमात आहे. तो जे बोलला ते लाजेने गाळू नका, तक्रारीत शब्दन् शब्द लिहा. सगळी बाजू त्यावर उभी आहे. समितीकडे तक्रार द्यायची मुदत तीन महिने.

दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती सक्तीची. तुम्ही बावीस आहात. समितीच नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, हे सरांच्या कानावर घाला.

जुनी_मेट्रन

बाळा, आधी सिव्हिलला जाऊन एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठी जखमेची वैद्यकीय नोंद, करून घे. टाके निघायच्या आत. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली. जखम भरली की लोकांना काही झालंच नव्हतं असं वाटायला लागतं.

पोलीस ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन परत पाठवतील. साध्या मारहाणीला तेवढंच होतं. तिथे 2010 चा महाराष्ट्राचा वैद्यकीय सेवा संस्थांवरील हिंसाचाराचा कायदा लावायला सांग. नर्सचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 पर्यंत दंड, आणि मोडलेल्या मॉनिटरची दुप्पट भरपाई. सोबत भारतीय न्याय संहितेचं कलम 74, म्हणजे विनयभंगाचं, येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नकोस. आणि मावशीचा जबाब घ्यायला लाव. अशा बायकांना कोणी विचारत नाही, पण सगळं त्यांनीच पाहिलेलं असतं.

दहा_खाटा

मी छोटं हॉस्पिटल चालवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. केस केली की नातेवाईक उलट हलगर्जीपणाची तक्रार देतात. ही भीती खरी आहे, मी त्यातून गेलोय. तरी तुमच्या सरांचं चुकलंच. स्टाफला एकटं सोडलं की पुढच्या महिन्यात तीन राजीनामे येतात.

माझ्याकडे असंच झालं तेव्हापासून मृत्यूची बातमी डॉक्टर स्वतः खाली उतरून, वेगळ्या खोलीत बसवून सांगतो. त्या वेळी वॉचमन वर येतो, आयसीयूचं दार आतून बंद असतं आणि नर्स कधीच एकटी नसते. खर्च म्हणाल तर एक दार आणि एक जास्तीचा माणूस. आणि हो, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत वरून पुसलं जातं. जपून ठेवा म्हणून आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

रात्रपाळी_सिस्टर (20 ऑगस्ट 2025)

तुम्हा सगळ्यांमुळे धीर आला. एमएलसी झाली. तक्रारीत सगळं लिहिलं, लिहिताना हात थरथरत होता. ठाण्यात आधी एनसीच म्हणाले. मी 2010 च्या कायद्याची प्रिंट पुढे ठेवली, मग साहेबांनी वाचून गुन्हा घेतला. मावशी जबाबाला आल्या, एका दिवसाची मजुरी बुडवून.

सरांना कलम 19 चा उल्लेख करून अर्ज दिला. पोचेचा शिक्का मारताना त्यांनी विचारलं, समिती म्हणजे नक्की काय करायचं असतं? फूटेज पेनड्राइव्हवर मिळालं. आयसीयूच्या दाराला आतून कडी बसली. सीएल अजून परत आली नाही, त्यासाठी उद्या सातपूरला जातेय.